जस्ताच्या जमिनीवरचं पिवळं फूल

ड्युसेलडॉर्फहून कोलोनमार्गे आखेनला जाणारी रेल्वे आखेनच्या जरा अलीकडे स्टोलबेर्ग स्टेशनात थांबते. आपली मंडळी या गाडीत असतात, पण ती आखेनच्या विद्यापीठात शिकणारी किंवा शार्लमेनचं कॅथीड्रल बघायला निघालेली. स्टोलबेर्गला मुद्दाम उतरणारा मराठी माणूस विरळाच. तिथून काही किलोमीटरवर ब्राइनिगरबेर्ग नावाची वस्ती आहे आणि तिला लागून जुन्या खाणींनी उकरून टाकलेला, खळग्या-ढिगाऱ्यांचा माळ. झाडं फारशी नाहीत, गवतही आखूड. मे महिन्यापासून मात्र या माळावर पिवळी फुलं दिसू लागतात. बागेतल्या पॅन्सीची ही लहानखुरी रानटी बहीण. जर्मन लोक तिला गालमाइ-फाइलशेन म्हणतात, शास्त्रीय नाव व्हायोला कॅलॅमिनेरिया. दोन्ही नावांत एकच शब्द आहे: गालमाइ, म्हणजे कॅलामाइन, म्हणजे जस्ताचं खनिज.

हे फूल जगात फार थोड्या ठिकाणी उगवतं. आखेनचा परिसर, पूर्व बेल्जियम आणि त्याला लागून असलेला नेदरलँड्सचा कोपरा, तेही जस्त आणि शिसं भरलेल्या मातीत. ज्या मातीत गहू-बटाट्याची मुळं आखडून जातील, तिथे हे फूल मजेत असतं.

मी ड्युसेलडॉर्फमध्ये वनस्पतींच्या पेशींवर संशोधन करते. जड धातू सोसणाऱ्या वनस्पतींचा विषय निघाला की शास्त्राच्या इतिहासात पुन्हा पुन्हा हाच परिसर समोर येतो. माणसानं या फुलाकडे आणि त्याच्या शेजाऱ्यांकडे काळानुसार वेगवेगळ्या नजरेनं पाहिलं. कधी ते खाणीचा पत्ता सांगणारं होतं, कधी प्रयोगशाळेतलं कोडं, कधी जमीन साफ करून देणारा फुकटचा गडी, तर कधी जपून ठेवायचा वारसा. या सगळ्या गडबडीत एक साधी गोष्ट सारखी निसटते: विषारी जमिनीत झाड तगलं म्हणजे जमीन बरी झाली असं नव्हे. ती गोष्ट आपल्या ताटापर्यंत येऊन पोचते, म्हणून हा इतिहास सांगावासा वाटला.

पितळेचा गाव

सुरुवात पितळेपासून करू. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, हे आपण शाळेत शिकतो. पण युरोपात कित्येक शतकं पितळ बनत होतं आणि जस्त नावाचा वेगळा धातू मात्र तिथल्या कारागिरांच्या हाती नव्हता. कारण जस्त ९०७ अंश सेल्सियसला उकळतं. खनिज कोळशाबरोबर तापवलं की धातू वाफ होऊन निघून जातो आणि हवेत पुन्हा जळून जातो. मग कारागीर काय करत? तांब्याचे तुकडे, दळलेलं कॅलामाइन आणि कोळसा बंद मुशीत एकत्र तापवत. जस्ताची वाफ तांब्यातच मुरायची आणि तांबं पिवळं व्हायचं. पहिल्या शतकातल्या रोमन लेखक प्लिनीनं असं खनिज जर्मेनिया प्रांतात नुकतंच सापडल्याचं लिहून ठेवलं आहे.

वाफ धरून जस्त वेगळं करण्याची युक्ती आपल्याकडे आधी साधली. राजस्थानात उदयपूरजवळच्या जावरला मध्ययुगात मातीच्या नळकांड्यांत खनिज भरून, वरून आच देऊन, वाफ खालच्या थंड भांड्यात उतरवत असत. ‘रसरत्नसमुच्चय’ या संस्कृत ग्रंथात या पद्धतीचं वर्णन आहे. जावरच्या परिसरात वापरून टाकलेल्या त्या नळकांड्यांचे ढीग आजही आहेत.

स्टोलबेर्ग मात्र मुशीतल्या पितळेवर मोठा झाला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस आणि सतराव्याच्या सुरुवातीला कॅथलिक आखेनमध्ये प्रॉटेस्टंट पितळ-कारखानदारांची कोंडी झाली, तेव्हा ते स्टोलबेर्गला आले. इथे फिष्ट ओढ्याचं पाणी होतं, आजूबाजूच्या रानात कोळसा होता आणि पायाखाली कॅलामाइन. त्यांनी बांधलेले तटबंदीसारखे वाडे अजून गावात उभे आहेत. पातेली, कढया, तारा, टाचण्या हे सगळं इथून युरोपभर जात असे. पुण्याच्या तांबट आळीतून फिरलेल्या माणसाला या गावाचा इतिहास परका वाटू नये.

पितळेच्या भांड्याबद्दल आपल्या आज्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली की ती कळकते. आंबटपणानं धातू विरघळून अन्नात उतरतो, म्हणून आतून कथलाचा पातळ थर द्यायचा. धातू हवा, पण अन्नापासून चार हात दूर. हे लक्षात ठेवा, कारण झाडांनीही नेमका हाच पेच सोडवला आहे.

फुलांच्या खाणाखुणा

झाडं बघून जमिनीतलं ओळखायचं, ही विद्या जुनी. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त उदकार्गल नावाचा अख्खा अध्याय आहे. कुठलं झाड, त्याच्या कुठल्या दिशेला वारूळ, मग किती खोल पाणी, असे ठोकताळे त्यात दिले आहेत. जर्मनीत गेओर्ग अग्रिकोला यानं १५५६ साली प्रसिद्ध झालेल्या खाणकामावरच्या ग्रंथात, धातूच्या शिरेवरच्या झाडांची पालवी निळसर-शिसवी दिसते, ती खूण ध्यानात घ्यावी असं सांगितलं. आखेनच्या खाणवाल्यांना पिवळी व्हायोलेट अशीच उपयोगी होती. जिथे ती दाटीनं, तिथे गालमाइ असणार.

या भागातली सगळ्यांत मोठी खाण स्टोलबेर्गच्या पश्चिमेला, आज बेल्जियममध्ये असलेल्या केल्मिस गावात होती. गावाचं नावच कॅलामाइनवरून पडलेलं. खाणीचं जर्मन नाव आल्टेनबेर्ग, फ्रेंच नाव व्हिएय मोंतान्य, दोन्हींचा अर्थ ‘जुना डोंगर’. १८०६ साली नेपोलियनच्या राजवटीत ही खाण लिएजच्या जाँ-जाक दानिएल दोनी यांना मिळाली. या खनिजातून थेट जस्त काढून दाखवायचं, अशी अट होती. दोनींनी ते जमवलं आणि नेपोलियनला जस्ताचा प्रवासी स्नानटब भेट दिला. तो लिएजच्या संग्रहालयात आहे. स्वतः दोनी कर्जबाजारी होऊन १८१९ साली वारले. धंदा दुसऱ्यांनी चालवला आणि त्यातून १८३७ साली उभी राहिलेली व्हिएय मोंतान्य कंपनी जगातल्या मोठ्या जस्त-कंपन्यांपैकी एक झाली. पॅरिसची करडी छपरं जस्ताच्या पत्र्याची आहेत, तो हाच काळ. ड्युसेलडॉर्फच्या उत्तरेला ओबरहाउझेनमध्ये १८५४ साली कंपनीनं जस्ताचा कारखाना काढला. तो १९८१ साली बंद पडला आणि त्याच्या इमारतींत आता उद्योगाचं संग्रहालय आहे. नाव अजून तेच, आल्टेनबेर्ग.

नेपोलियन पडल्यावर ही खाण कुणाची यावर प्रशिया आणि नेदरलँड्सचं एकमत होईना. सीमाप्रश्न म्हटला की आपल्याला बेळगाव आठवतं. इथे १८१६ साली तोडगा निघाला तो असा की खाणीभोवतीचा सुमारे साडेतीन चौरस किलोमीटरचा तुकडा कुणाचाच नाही. तटस्थ मोरेनेट नावाचा हा चिमुकला प्रदेश शंभर वर्षांहून अधिक काळ असाच राहिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खाणीचे डॉक्टर विल्हेल्म मोली यांनी त्याचं एस्पेरांतो भाषेचं राज्य करायचा घाटही घातला होता. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहानं तो तुकडा बेल्जियमला गेला. पण ज्या जस्तासाठी ही भांडणं झाली ते केल्मिसच्या खाणीतून १८८५ सालीच संपलं होतं. उरले ते ढिगारे, आणि ढिगाऱ्यांवरची फुलं.

पानांच्या राखेत जस्त

खाण भरात असतानाच शास्त्रज्ञांचं लक्ष फुलांकडे वळलं. वनस्पतिशास्त्रज्ञ युलिउस साक्स हे बॉनजवळच्या पॉपेल्सडॉर्फ कृषी अकादमीत होते. त्यांच्या १८६५ सालच्या पुस्तकात आखेनजवळच्या गालमाइ-वनस्पतींच्या राखेत जस्त सापडल्याची नोंद आहे. पुढे १८८५ साली, म्हणजे केल्मिसची खाण संपली त्याच वर्षी, बाउमान यांनी पद्धतशीर मोजमाप प्रसिद्ध केलं. व्हायोलेटच्या शेजारी उगवणारी, मोहरीच्या कुळातली एक पांढऱ्या फुलांची बुटकी वनस्पती आहे. आज तिला नोकिया कॅरुलेसेन्स म्हणतात. तिच्या सुकवलेल्या पानांत सुमारे १ टक्का जस्त निघालं. साध्या झाडाच्या पानात एका किलोला काही दहा मिलिग्रॅम जस्त असतं, इथे दहा ग्रॅम होतं.

म्हणजे एकाच ढिगाऱ्यावर, एकमेकींना खेटून वाढणाऱ्या दोन वनस्पतींनी दोन वेगळ्या वाटा धरल्या होत्या. नोकिया धातू वर ओढून पानांत साठवते. पिवळी व्हायोलेट बहुतांश धातू मुळाशीच अडवते आणि पानांत त्या मानानं कमी जाऊ देते. कोलोन विद्यापीठातल्या हेरमान बोथे यांच्या गटानं १९९० च्या दशकात दाखवलं की व्हायोलेटच्या मुळांत सूक्ष्म बुरशीची दाट वस्ती असते आणि या सोयरिकीचा तिला धातूशी झगडताना आधार होतो. आपल्या भाषेत सांगायचं तर व्हायोलेटनं कल्हई करून घेतली आहे. नोकिया मात्र कळकलेली आमटी पिऊन पचवते.

शतकभरात घडलेली उत्क्रांती

ही शक्ती झाडांत आली कुठून? याचं ठोस उत्तर इंग्लंड-वेल्समधून आलं. तरुण शास्त्रज्ञ अँथनी ब्रॅडशॉ यांनी १९५२ साली वेल्समधल्या शिशाच्या जुन्या खाणीवरचं एक अगदी सामान्य गवत आणि त्याच जातीचं कुरणातलं गवत घेऊन खाणीच्या मातीत लावलं. खाणीवरचं वाढलं, कुरणातलं खुरटलं. जात एकच, पण वाण वेगळा झाला होता. खाणी फार तर काही शतकं जुन्या, म्हणजे उत्क्रांतीच्या मानानं डोळ्याची पापणी लवण्याइतका काळ.

ब्रॅडशॉ आणि सहकाऱ्यांनी पुढे याचा माग काढला. साध्या कुरणातल्या गवताचं बी खाणीच्या मातीत पेरलं तर बहुतेक सगळी रोपं मरतात, पण क्वचित एखाददुसरं जगतं. धातू सोसण्याचा गुण त्या गर्दीत आधीपासून विरळ असतो. विषारी माती बाकीच्यांना गाळून टाकते आणि जगलेल्यांची पुढची पिढी तीच खूण घेऊन येते. झाड विषाची सवय करून घेत नाही, तर न सोसणारी झाडं मरून जातात. हा फरक मोठा आहे. आपण एखाद्या टिकून राहिलेल्या माळाचं कौतुक करतो तेव्हा तिथे न उगवलेल्या शेकडो जाती आपल्याला दिसत नाहीत.

शिवाय या शक्तीची किंमत मोजावी लागते. चांगल्या, खतावलेल्या जमिनीत धातू-सोशिक वाण सहसा मागे पडतात, शेजारचं जोमदार गवत त्यांना झाकून टाकतं. म्हणूनच पिवळी व्हायोलेट ढिगाऱ्यांपुरती राहिली. विषानं तिचे स्पर्धक दूर ठेवले.

सर्पगंधेची पेशी

पेशीच्या आत नेमकं काय घडतं ते कळायला १९८५ साल उजाडावं लागलं. म्युनिकमध्ये एर्विन ग्रिल, अर्न्स्ट-लुडविग विनाकर आणि माइनहार्ट त्सेंक यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या वनस्पतिपेशींना कॅडमियम दिलं. त्या पेशी होत्या सर्पगंधेच्या. रक्तदाबावरच्या औषधासाठी प्रसिद्ध असलेली आपली सर्पगंधा, त्सेंक यांच्या प्रयोगशाळेत औषधी द्रव्यांच्या अभ्यासासाठी वाढवली जायची. कॅडमियम मिळताच या पेशींनी एक आखूड साखळी बनवली. तिच्यात गंधक असलेलं सिस्टीन हे अमिनो आम्ल पुन्हा पुन्हा येतं, आणि गंधक कॅडमियमला घट्ट धरून ठेवतं. या साखळीला नाव मिळालं फायटोकेलाटिन. ‘केले’ म्हणजे ग्रीकमध्ये खेकड्याची नांगी. नांगीत पकडलेला धातू मग पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीच्या अडगळीच्या खोलीत, कोंडला जातो.

ही नांगी जवळजवळ सगळ्याच झाडांकडे असते. पण नोकियासारख्या साठवणाऱ्या वनस्पतींचं रहस्य वेगळं निघालं. ते उलगडायला मोठी मदत झाली ती मोहरी-कुळातल्याच अराबिडॉप्सिस हॅलेरी या रोपाची. ड्युसेलडॉर्फपासून रेल्वेनं तासाभराच्या आत असलेल्या बोखुममध्ये आज ज्यांचं काम चालतं त्या उटे क्रेमर आणि लिएजचे मार्क हानिकेन यांच्या गटानं २००८ साली त्याचं उत्तर दिलं. मुळातून जस्त वर चढवणाऱ्या पंपाचं एक जनुक आहे. साध्या रोपात त्याची एक प्रत असते, हॅलेरीत तीन, आणि तिन्ही अधिक जोरात चालतात. उत्क्रांतीनं नवं यंत्र बनवलं नाही. असलेल्याच यंत्राच्या आणखी दोन प्रती जोडल्या आणि कळ वाढवून ठेवली.

फुकटचा गडी

हे सगळं कळत होतं तेव्हाच, १९८० आणि ९० च्या दशकांत, एक आकर्षक कल्पना पुढे आली. धातू ओढणारी झाडं दूषित जमिनीत लावायची, कापून न्यायची, की जमीन साफ. आपली नेहमीची फोडणीची मोहरी या प्रयोगांत अमेरिकेत बरीच वापरली गेली. वर्तमानपत्रांना ही गोष्ट फार आवडली आणि अजूनही आवडते.

आपण फक्त हिशोब करून बघू. समजा एखाद्या हेक्टरातल्या वरच्या २० सेंटिमीटर मातीत १ टक्का जस्त आहे. जुन्या खाणींच्या मातीत एवढं सहज असतं. त्या मातीचं वजन अंदाजे २,६०० टन धरलं तर जस्त झालं २६ टन. आता नोकियाचं पीक खूपच चांगलं येऊन हेक्टरी ५ टन सुका पाला मिळाला आणि त्यात १ टक्का जस्त असलं, तर वर्षाला निघणार ५० किलो. म्हणजे सगळं जस्त काढायला पाचशे वर्षांहून अधिक. प्रत्यक्षात ही बुटकी वनस्पती एवढा पाला देतही नाही. शिवाय तो विषारी पाला कुठे टाकायचा हा प्रश्न शिल्लकच. सौम्य प्रदूषण असेल, योग्य जागा असेल, तिथे झाडं मदत करतात. पण खाणीनं किंवा कारखान्यानं केलेली घाण चार पावसाळ्यांत झाडं पिऊन टाकतील हे स्वप्न आहे.

महाराष्ट्रात यापेक्षा शहाणं उदाहरण आहे. नागपूर जिल्ह्यात गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ओसाड ढिगाऱ्यांवर नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेच्या आशा जुवारकर आणि सहकाऱ्यांनी झाडं लावली. नुसती रोपं खोचली नाहीत. साखर कारखान्यात उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ, ज्याला शेतकरी प्रेसमड म्हणतात, तो ढिगाऱ्यात मिसळला. नत्र धरणारे जिवाणू आणि मुळांत राहणारी बुरशी रोपांबरोबर दिली. व्हायोलेटनं स्वतः शोधलेली बुरशीची सोयरीक इथे माणसानं लावून दिली. साग, शिसम, कडुनिंबासारखी झाडं तिथे वाढली. हेतू मँगनीज संपवण्याचा नव्हता. ढिगाऱ्याची धूळ उडू नये, पावसात तो वाहून शेतात येऊ नये, म्हणून त्याला मुळांनी बांधून ठेवायचं होतं. आणि लावलेली झाडं खाण्यासाठीची पिकं नव्हती. हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

सोशिक पिकाचा धोका

मराठीत सोशिक हा शब्द आपण कौतुकानं वापरतो, विशेषतः घरातल्या बायकांबद्दल. सोशिक माणसाची अडचण अशी की त्याला होणारा त्रास बाकीच्यांना दिसतच नाही. झाडांचंही तसंच. कॅडमियमचा त्रास होऊन भाताचं रोप पिवळं पडलं असतं तर शेतकऱ्याला कळलं असतं. पण माणसाला अपाय होईल एवढं कॅडमियम दाण्यात असतानाही रोप हिरवंगार दिसू शकतं.

जपानमध्ये नेमकं हेच झालं. तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या वरच्या अंगाला कामिओकाची जस्त-खाण होती. जस्ताच्या खनिजाबरोबर कॅडमियम येतंच. ते नदीत गेलं, नदीतून भातखाचरांत आणि भातातून माणसांत. हाडं ठिसूळ होऊन वेदनांनी माणसं विव्हळायची, म्हणून आजाराचं नाव पडलं ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. रोग्यांत बहुसंख्य होत्या वयस्क बायका. १९६८ साली जपान सरकारनं हा प्रदूषणाचा आजार असल्याचं मान्य केलं. त्या खाचरांची दुरुस्ती झाडांनी झाली नाही. दूषित माती खाली दडपून वर चांगल्या मातीचा थर द्यावा लागला, आणि ते काम २०१२ सालापर्यंत चाललं.

ड्युसेलडॉर्फमध्ये जर्मनीतली सगळ्यांत मोठी जपानी वस्ती आहे. इमरमानश्ट्रासेवरच्या दुकानांतला चिकट, आखूड तांदूळ इथल्या मराठी घरांत आंबेमोहर-इंद्रायणी संपला की वरणभातासाठी येतो. त्यातलं एक लाडकं वाण आहे कोशिहिकारी. २०१२ साली जपानी शास्त्रज्ञांनी याच वाणात असा बदल मिळवला की मुळं कॅडमियम जवळजवळ उचलतच नाहीत. भाताच्या मुळात मँगनीज आत घेणारं एक दार आहे, कॅडमियम त्याच दारानं घुसतं. ते दार बिघडवलं. हा उपाय नोकियाच्या नेमका उलटा आहे. धातू ओढून घेणारं झाड जमीन साफ करण्यासाठी चांगलं, ताटासाठी धातू बाहेर ठेवणारं चांगलं. दोन्ही कामं एकाच पिकाकडून मागता येत नाहीत.

आपल्या शहरांत याचा विचार व्हायला हवा. मुंबईत रुळांलगत, पुण्याखाली मुळा-मुठेच्या काठानं, सांडपाण्यावर पालेभाज्या पिकतात. पालक कॅडमियम सहज उचलणाऱ्या भाज्यांतला आहे. जुडी टवटवीत आहे, पानाला डाग नाही, यावरून जमिनीबद्दल काहीही सिद्ध होत नाही. हा दोष तिथे राबणाऱ्या माणसाचा नाही. त्याच्या पाण्यात काय सोडलं जातं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

ढिगाऱ्याचं काय करायचं

स्टोलबेर्गच्या बाजूलाही शेतं आणि गुरं होती. तिथल्या ग्रेसेनिश गावाच्या नावानं ओळखला जाणारा गुरांचा आजार शिशाच्या विषबाधेचा होता. १९७५ साली ड्युसेलडॉर्फमधल्या राज्य सरकारनं स्टोलबेर्ग परिसरातल्या जड धातूंच्या प्रश्नावर अहवाल काढला. त्यानंतर १९९२ साली युरोपीय संघाच्या अधिवास संरक्षण निर्देशात गालमाइ-कुरणांना संरक्षित अधिवास म्हणून जागा मिळाली. म्हणजे एका कागदावर ही माती धोका आहे आणि दुसऱ्या कागदावर ठेवा.

दोन्ही कागद खरे आहेत. माती पूर्ण साफ केली तर पिवळी व्हायोलेट जाईल. काहीच केलं नाही तरी ती हळूहळू जाते, कारण पालापाचोळा साचून सुपीक थर बनतो, हवेतून नत्र पडतं आणि साधं गवत, झुडपं तिला झाकून टाकतात. केल्मिसहून नेदरलँड्समध्ये जाणाऱ्या गोइल नदीच्या काठी ही फुलं खाणीच्या गाळावर पसरली होती. खाण थांबल्यावर नवा गाळ येईना आणि फुलं कमी झाली. तिथे संवर्धनासाठी वरची चांगली माती खरवडून खालचा जस्ताचा थर मुद्दाम उघडा करण्याचे प्रयोग झाले. फुलासाठी माणूस पुन्हा विष उघडं करतो आहे, हे वाचताना विचित्र वाटतं. पण जागा आखलेली असेल, तिथे गुरं चरत नसतील, भाजी पिकत नसेल, तर त्यात वावगं काही नाही. धोका आहे तो आखणी नसलेल्या जागी. जुलै २०२१ मध्ये फिष्ट आणि इंडे या नद्यांना महापूर येऊन स्टोलबेर्ग उद्ध्वस्त झालं. धातू गाळाच्या कणांना चिकटून असतात आणि पूर गाळ हलवतो. शंभर वर्षांपूर्वी बंद झालेली खाण अशा रीतीनं एका रात्रीत कुणाच्याही परसात येऊन बसू शकते.

म्हणून जर्मनीत कागदावर भर आहे. १९९८ साली मृदा-संरक्षणाचा केंद्रीय कायदा झाला आणि जुन्या कारखान्यांच्या, कचराडेपोंच्या, खाणींच्या जागांची नोंदवही स्थानिक कार्यालयांत असते. ड्युसेलडॉर्फमध्ये घर घेताना किंवा बागेचा तुकडा घेताना या जमिनीवर पूर्वी काय होतं, हे महापालिकेला विचारता येतं. ही नोंदवही परिपूर्ण नाही, पण प्रश्न विचारायला एक खिडकी आहे.

आपल्याकडे सातबारा आहे. मालक कोण, बोजा किती, खरीपात काय पेरलं, विहीर आहे की नाही, हे सगळं त्यावर असतं. पण त्या गटावर वीस वर्षांपूर्वी बॅटऱ्या फोडून शिसं वितळवण्याची भट्टी होती का, शेजारच्या एमआयडीसीचं पाणी त्या ओढ्यात येत होतं का, यासाठी त्यावर रकाना नाही. भट्टीची शेड पाडली, जमीन नांगरली, एक पावसाळा गेला की सगळं हिरवं दिसतं. मग त्या हिरव्याला विचारून उपयोग नाही. सोसायला शिकलेलं झाड सोसतच राहील. खाली काय आहे ते माणसानंच लिहून ठेवावं लागेल, आणि तो रकाना अजून आखायचा आहे.